चुकीचंच राहायला हवं होतं ते उदाहरण

बाबा, मी आता उलव्याला राहते आणि कॉम्प्युटरच्या एका भाषेची माहितीपुस्तिका नीट लावायचं काम करते. शिकणारी माणसं त्यातली उदाहरणं जशीच्या तशी उचलतात, आणि या भाषेत 'अमुक झालं तरच' करायच्या ओळी चार जागा आत सरकवून लिहाव्या लागतात. जुन्या साइटवरून नव्या साइटवर आणताना पानं पार विस्कटली होती. मी ती निस्तरते, आणि बढाई नाही, पण आमच्यात हे माझ्याइतकं चोख कुणाला जमत नाही.

म्हणूनच गेल्या आठवड्यात तोंडावर आपटले. सगळी पानं एका झटक्यात सरळ करणारी कमांड चालवली. एका पानावर 'असं लिहू नका' म्हणून मुद्दाम चुकवलेलं उदाहरण होतं, खाली बरोबर केलेलं. दोन्ही सारखीच झाली. एका बाईंनी कळवलं, 'दोन तास बघतेय, फरकच दिसत नाही. मला हे जमणार नाही बहुतेक.' मी ते टीमलीडला दाखवलं. तो म्हणाला, "टूलचा बग आहे असं टाकूया ना, कशाला टेन्शन?" मी म्हटलं, "टूल काय करणार? न बघता मी चालवलं." पान दुरुस्त केलं आणि त्या बाईंना माझ्या नावाने तसं लिहिलं.

एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली. नावड्याच्या घरात, ओट्याशी उभी राहून आठवीतली मी तुमचा कागद उतरवतेय. तळोज्याच्या कारखान्यात टाकी कशी धुवायची, ते भिंतीवर लावायचंय. 'दाब वाढला तरच' याच्या खालच्या दोन ओळी तुम्ही आत लिहिल्यात. सुबक दिसावं म्हणून मी सगळ्या एका रेघेत आणते. लावण्याआधी तुम्ही वाचता.

"अक्षर चांगला हाय गो. पन या दोन ओली मी आत लिवल्या होत्या ना?"

"नाही, तुमीच सरळ लिहिल्यात."

"तो कागद कुठं हाय?"

"टाकला."

"मंग माजाच चुकला आसंल," म्हणालात, आणि पाळीवर जाण्याआधी सगळं पुन्हा लिहून काढलंत. रिटायर होईपर्यंत प्रत्येक कागद आधी माझ्या हातात द्यायचात. "बघ गो, माजा चुकतो हल्ली."

तुमचं कधीच चुकलं नव्हतं, बाबा. तो कागद माझ्या दप्तरात होता.