कॅनडाला पटेल असं लग्न

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी
नवी वही. रडगाणं लिहायचं नाही, फक्त प्रगती लिहायची.
माझा नवरा राजवर्धन कॅनडात विनिपेगला, मी कोपरखैरण्यात आई-आबांकडे. लग्नाला वर्ष झालं. त्यात आम्ही एकत्र किती राहिलो हे मी मोजत नाही. मोजायला फार वेळ लागणार नाही, एवढंच.
पत्नी म्हणून मला कायमचं तिकडे बोलावून घेण्याची फाइल गेली आहे. सोबत मी सहा पानी निवेदन जोडलंय: आम्ही हळद, वाजंत्री, आहेर, मंगलाष्टका यांना फाटा देऊन नोंदणी पद्धतीने लग्न का केलं. कॅनडा पुढारलेला देश आहे. वाचून खूश होतील.
नियम: व्हिसाची वेबसाइट आठवड्यातून एकदाच बघायची, रविवारी.

संध्याकाळी
चारदा बघितली. पण आज रविवारच आहे. नियम मोडलेला नाही.

३० जानेवारी
घणसोलीची गोजरा आत्या आली होती. उंबऱ्यातूनच विचारलं, नांदायला कधी जायची गं, का तिकडचा जावईच हितं नांदायला यायचा हाय? मी तिला प्रोसेसिंग म्हणजे काय ते शांतपणे समजावलं. आत्या सगळं ऐकून आईला म्हणाली, पोरगी शिकली खरी, पर सासर काय गावंना झालंय.
मला राग आला नाही. राग न आल्याने जेवण गेलं नाही.

३ मार्च
मोठा निर्णय. शाळेत राजीनामा दिला. वर्ष संपताना सोडलं तर मुलांचं नुकसान होत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, व्हिसा आला का? मी म्हणाले, तत्त्वतः आलाय. त्या म्हणाल्या, कागदावर येऊ दे की. ही जुनी पिढी सुरक्षिततेच्या आहारी गेलेली आहे.
वाशीला जाऊन थंडीचे थर्मल कपडे आणले. घालून बघितले. काढायला आईला बोलवावं लागलं.

९ एप्रिल
पत्र आलं.
व्हिसा नाही. विचारणा आहे. विवाह अर्जदाराच्या समाजाच्या प्रचलित रीतीप्रमाणे झालेला दिसत नाही. पाहुणे फार थोडे. समारंभाचा एकही फोटो नाही. खुलासा करावा.
फोटो नाहीत हे खरं. लग्न जगायचं असतं, दाखवायचं नसतं, म्हणून मीच दारात पिशवी घेऊन उभी होते आणि सगळ्यांचे मोबाईल जमा केले होते. वीसच माणसं, पिशवी एक पुरली. राजवर्धनच्या मामांचा मोबाईल आत वाजत होता तरी मी दिला नाही. तेव्हा फार अभिमान वाटला होता.
आईला पत्राचा अर्थ सांगितला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आमी दुसरं काय सांगत होतो? मग निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागली. 
आत्याला कोणी कळवलं माहीत नाही. तिचा फोन: बिनहळदीची नवरी कॅनडावाल्यांनी पन वळखली बघ!

११ एप्रिल
राजवर्धन रात्रपाळी करून त्याच्या सकाळी घरी येतो, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असते. तेवढ्यात बोलतो. आज मी त्याला नवीन निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला. त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, पाठवू नकोस. मी मे महिन्यात बिनपगारी रजा टाकतो, गावच्या रीतीने सगळं करून टाकू, फोटोबिटो काढून. मी विचारलं, आणि आपली तत्त्वं? तो म्हणाला, अगं, हळद लावली म्हणून तुझी डिग्री परत मागायला कोणी येणार नाही.
मी विचार करायला वेळ मागितला.

११ एप्रिल, थोड्या वेळाने
विचार झाला. ही माघार नाही. हा समाजाशी संवाद आहे. संवादात हळद चालते.

२० एप्रिल
आबांना सांगितलं, छोटं रिसेप्शन करू. आबा मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी आहेत. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली आणि मला बी.ए., बी.एड. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेलं दुसरं कोणी नाही, म्हणून ते सहसा माझं ऐकतात. आज म्हणाले, गावाकडनं रिसेप्शनला कोण येतंय, सुनू? लोक लग्नाला येत्यात. भावकीला काय सांगू, या फोटोत उभं राहायला?
मी कुटुंबाच्या भावनांचा आदर करायचं ठरवलं. पत्रिका आबाच छापून घेणार आहेत. मी लक्ष घालणार नाही. प्रत्येक गोष्टीत नियंत्रण ठेवणं बरं नाही.

१८ मे
झालं. कोपरखैरण्यातला सगळ्यात मोठा हॉल. आबांच्या टोळीतले सगळे, मार्केटमधले व्यापारी, गावाहून दोन ट्रॅव्हल्स. घोडा नको म्हणून मी ठाम राहिले, म्हणून राजवर्धन जीपच्या बॉनेटवर बसून आला.
अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता, सगळं. कन्यादानाला मी विरोध नोंदवला, मनात. आबांनी माझ्या हातावर पाणी सोडलं आणि रिकामा तांब्या दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. पन्नास किलोचं पोतं ते एका दमात पाठीवर घेतात. पहिल्या लग्नात ते मागच्या खुर्चीवर बसले होते. हे मला आज आठवलं.
उखाणाही घेतला. पुराव्यासाठी.
आत्या दर दोन मिनिटांनी फोटोग्राफरला ओरडत होती, कॅनडाला दिसंल असा काढ रं!

२ जून
राजवर्धन परत गेला. या वेळी चांगलं पंधरा-सोळा दिवस एकत्र राहिलो. म्हणजे सासरी, कोरेगावजवळ. जागरण-गोंधळ, मग कुलदैवत, मग मामांकडे, मग त्याच्या दोन आत्यांकडे. पाहुण्यांची गर्दी, त्यामुळे पुरुष गच्चीवर झोपायचे, बायका माजघरात. टेम्पोत तो पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे सासूबाईंच्या जावांमध्ये. तरी नातं खूप घट्ट झालं. एकदा त्याने मागे वळून पाण्याची बाटली दिली.
एअरपोर्टवर मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. तो रडला. मी त्याला मानसिक कणखरपणाबद्दल थोडं सांगितलं.

१० जून
अल्बम, व्हिडिओ आणि पत्रिका अपलोड केली. अल्बम बघून कुठल्याही अधिकाऱ्याचे डोळे दिपतील. पत्रिका तर फारच सुंदर, वर गणपती, खाली सगळ्या भावकीची नावं. आता शंकेला जागाच नाही.
बॅग भरायला काढली.

६ जुलै
राजवर्धन हल्ली कमी बोलतो. काय जेवलास म्हटलं तर जेवलो म्हणतो. कमी बोलणं हे नातं पिकल्याचं लक्षण आहे. मी त्याच्या वाटचंही बोलते.

२९ जुलै
दुसरं पत्र.
आपण आधीच्या अर्जात विवाहाची तारीख डिसेंबर २०२३ दिली आहे. आता पाठवलेल्या निमंत्रणपत्रिकेनुसार विवाह १८ मे २०२५ रोजी होत आहे. अर्ज करताना आपण विवाहित होता का? खुलासा करावा.
पत्रिका काढून वाचली. प्रथमच नीट वाचली. 'शुभविवाह. चि. सौ. कां. सुनयना.' मुहूर्त दुपारी बारा पस्तीस. आमची कन्या हिचा विवाह योजिला आहे. योजिला आहे!
आबांना विचारलं. ते बिचकलेच. म्हणाले, पत्रिकेत दुसरं काय लिहित्यात? लगीन झालेल्या पोरीचं लगीन हाय, असं लिहू? मग स्वतःशीच म्हणाले, माझ्यामुळं अडकलं व्हय. मी म्हणाले, नाही आबा. त्यांनी ताट तसंच ठेवलं.
अपलोड मी केली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

३ ऑगस्ट
अकरा पानी खुलासा पाठवला. एकच विवाह, दोन अभिव्यक्ती, असं शीर्षक. राजवर्धन म्हणाला, दोन ओळींत लिही ना, कायद्याने आधी झालं, रीतीने नंतर. मी म्हणाले, दोन ओळींत संदर्भ हरवतो.

१८ ऑगस्ट
शाळेत परत जाते. बदली शिक्षिका म्हणून, तासावर. माझ्या वर्गाला आता नवीन बाई आहेत. मुलांनी विचारलं, बाई, तुम्ही कॅनडाला जाऊन आलात? मी म्हणाले, शिक्षण हे कुठूनही घेता येतं.
थर्मलची बॅग पलंगाखाली. आई म्हणते, कुबट वास येतोय, उन्हात टाकू का? मी नको म्हटलं. ओट्यावर वाळत घातले तर सगळी आळी विचारील.

१४ ऑक्टोबर
मुलाखत ठरली! व्हिडिओ कॉलवर. तयारी केली: स्त्री-पुरुष समानता, विवाहसंस्थेचा इतिहास, स्थलांतराचं अर्थशास्त्र. राजवर्धनला म्हटलं, तूही काही मुद्दे काढ. तो म्हणाला, मला झोप येतेय.

२८ ऑक्टोबर
मुलाखत उत्तम झाली. आईने आधी दहीसाखर दिली. आबा गाळ्यावर गेले नाहीत, बाहेर ओट्यावर बसून होते.
मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या. दोन तारखांचं पटकन पटलं त्यांना, अकरा पानांचा उल्लेखही केला नाही. मग फारच साधं विचारलं. तुमचे मिस्टर कामावरून घरी आले की सगळ्यात आधी काय करतात?
मी म्हणाले, ते श्रमाला प्रतिष्ठा देणारे गृहस्थ आहेत. बाई म्हणाल्या, हो, पण काय करतात? मी म्हणाले, आम्ही दोघेही एकमेकांच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करत नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ते राहतात त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? मी म्हणाले, बर्फ. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात?
एकूण मोकळं वातावरण होतं.
आबांनी विचारलं, झालं ना गं? मी म्हणाले, झालंच म्हणा. ते उठून पेढे आणायला गेले. मी थांबवलं नाही.

१९ नोव्हेंबर
नाकारलं.
नातं खरं असल्याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालेलं नाही. पती-पत्नींना एकमेकांच्या रोजच्या जगण्याची जुजबीही माहिती दिसत नाही. अपील करता येईल.
आई-आबांना अजून सांगितलेलं नाही. आबा बाहेर कोणालातरी सांगतायत, पोरगी आता जाईल.

संध्याकाळी
राजवर्धनचा फोन. त्याला आधीच कळलं होतं.  मग मी विचारलं, तू घरी आलास की आधी काय करतोस?
त्याला वाटलं मी भांडतेय. म्हणाला, काही नाही करत. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, जाकीट घालूनच बसतो. दाराजवळ खुर्ची आहे, तिथे. बूट पण काढत नाही. कधी अर्धा तास, कधी जास्त. आत जावंसंच वाटत नाही.
मी विचारलं, केव्हापासून?
म्हणाला, पहिल्यापासून.
खिडकीबद्दलही विचारलं. समोर टायरचं दुकान आहे, म्हणाला. आणि मग विचारलं, तू काय करतेस, शाळेतून आलीस की?
मी सांगायला लागले.