चार हिसके

ओबान, स्कॉटलंड
४ ऑगस्ट २००६

आदरणीय बाबा,
तुम्हाला आणि आईला सविनय जयभीम.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. थंडीमुळे मला बुडीच्या अर्ध्यातून वर घेतलं, असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. मीच कमरेच्या दोरीला चार हिसके दिले होते. आपल्या विहिरीत तुम्ही शिकवलं, त्याप्रमाणे चार म्हणजे ‘ढील द्या’. इथे चार म्हणजे ‘वर ओढा’. नावेवर दोरी धरणाऱ्या मोरॅगबाईंनी काल विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तोवर वाटत होतं, आता मला पुन्हा उतरवणार नाहीत.

आज पोचले, बाबा. शंभर वर्षांपूर्वी बुडालेली आगबोट तळाशी सरळ उभी आहे. त्या काळोख्या, गारठलेल्या पाण्यात तिच्या सुकाणूच्या चाकावर मी हात ठेवला. वर आल्यावर मोरॅगबाई म्हणाल्या, “मी चार हिसक्यांचीच वाट बघत होते.”

आई म्हणेल, “एवढ्या दूर बुड्या माराले गेली का?” तिला सांगा, इथल्या बुडीच्या पोशाखात आतले कपडे कोरडे राहतात. कपाशीची दुबार पेरणी करावी लागली का? खरं लिहा.

इंजिनखोलीत अजून कोणी गेलेलं नाही. पहिलं नाव माझं ठरलंय. मंगळवारी, २२ ऑगस्टला, मी आत शिरणार आहे.

तुमची लेक,
समीक्षा