साहेबाच्या पत्रातली दोन वाक्यं

वेल्हे,
८ ऑक्टोबर १९७९

प्रिय मंदा,

तुझं कार्ड शनिवारी पोचलं. वसतिगृहातल्या आमटीला चव नसते हे तुझ्या आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "तिला लिवा, दिवाळीला ये म्हनावं, मग बघू चवीचं." इकडं सगळे बरे आहेत. नानांचा गुडघा अजून धरतो, पण कापणी तोंडावर आली म्हणून ते ऐकत नाहीत. वरच्या खाचरातलं भात पिवळं झालंय. म्हैस व्याली, पारडी झाली. आत्ता दुपार आहे, तुझी आई गवताला गेलीय आणि घरात मी एकटी आहे, म्हणून लिहायला बसले.

तू लिहिलंस की नव्या बाई रोज दहा इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायला देतात, आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणजे मुसळधार पाऊस हे ऐकून सगळा वर्ग हसला. आमचा वर्गही असाच हसला होता. मी भोरला नववीत होते तेव्हा आनंदराव मास्तर आम्हाला ए-पासून सुरुवात करून वाक्प्रचारांची यादी लिहून द्यायचे. बादलीला लाथ मारणं म्हणजे मरणं, मांजर पिशवीतून बाहेर सोडणं म्हणजे गुपित फोडणं. ते दर वेळी बजावायचे, "पोरींनो, हे शब्दाला शब्द लावून वाचू नका, फसाल." माझं पाठांतर चांगलं होतं. मार्गशीर्षात माझं लग्न ठरलं आणि शाळा सुटली तेव्हा आमची यादी एल-पर्यंत आली होती. पुढची वही कोरीच राहिली.

पण या गावात नववी म्हणजे फार होतं. कुणाची तार आली, मुंबईच्या गिरणीतला इंग्रजी कागद आला, की लोक आपल्या अंगणात येऊन उभे राहायचे. मी पदर सावरून वाचायचे आणि म्हातारी माणसंसुद्धा गप्प बसून ऐकायची. मला ते आवडायचं, मंदा. चुलीपुढं दिवसभर वाकलेल्या बाईला तेवढीच एक जागा होती जिथं ती ताठ उभी राहायची.

तुझे वडील पानशेतच्या धरणावर मोजणीच्या साखळ्या ओढायचे, हे तुला माहीत आहे. तिथल्याच एका मद्रासी साहेबाला त्यांचं, म्हणजे आमच्या भिमाभावजींचं, काम पसंत पडलं. साहेबाची बदली बेळगावला झाली, कारवारकडच्या रानात रस्त्याची आखणी करायची होती, आणि तो भावजींना बरोबर घेऊन गेला. तू तेव्हा दीड वर्षाची होतीस. पगार बरा होता. भावजी दुसऱ्याकडून महिन्याला एक कार्ड लिहून घ्यायचे, शेवटी नेहमी एकच ओळ असायची, मंदाला पडू देऊ नका.

पासष्टच्या चैत्रात कार्ड आलं नाही. त्याऐवजी साहेबाचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. त्याला मराठी येत नव्हतं. अंगणात नाना धाकट्या भावाची खबर ऐकायला आले होते, तुझी आई तुला कडेवर घेऊन उभी होती. पत्र लहानसं होतं आणि मला ते आजही पाठ आहे. भिमाला ताप आला, हे मी बरोबर वाचलं. तो चांगल्या हातांत आहे, बायकोमुलीची आठवण काढतो, तुम्हाला कळवणं मला योग्य वाटलं, हेही बरोबर वाचलं. मधे दोन वाक्यं होती. इट हॅज बीन टच अँड गो विथ हिम. ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट. टच म्हणजे स्पर्श करणं, गो म्हणजे जाणं, वुड्स म्हणजे रान. सगळे शब्द मला येत होते. मी मोठ्याने सांगितलं, "ताप येऊन गेला. आता ते घराला पाय लावून परत जाणार आहेत. अजून रानातून बाहेर पडले नाहीत."

तुझी आई म्हणाली, "म्हंजी येनार हायेत?"

मी म्हटलं, "येणार आहेत."

नानांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. ते म्हणाले, "ताप म्हंतो, तर शाळंतल्या मास्तरास्नी एकदा दावू का? न्हाईतर मी भोरला जाऊन येतो." आणि मी म्हटलं, "मला वाचता येतं तेवढं." त्यांनी पत्र मला परत दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला येत नव्हतं एवढंच असतं तर मी कधीच बोलून मोकळी झाले असते. पण एक वाक्य मला नीट लागत नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. ताप, मग पाय लावून जाणं, मग रान, यांचा मेळ बसत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्या जागेवरून खाली उतरायचं नव्हतं.

तुझ्या आईने घर सारवलं. तांदूळ सडले. एसटी तेव्हा संध्याकाळी एकदाच यायची. ती तुला न्हाऊमाखू घालायची आणि काजळ लावून फाट्यावर नेऊन उभी राहायची. आठ दिवस. नवव्या दिवशी तार आली. ती वाचायला माझी गरज लागली नाही, पोस्टमनच्या तोंडावरच दिसत होती.

नाना बेळगावला गेले, तोवर सगळं उरकलं होतं. परत आले ते भावजींची घोंगडी आणि वहाणा घेऊन. गोठ्यात मला एकटीला म्हणाले, "दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, रोज इचारायचा, घरचं कोन आलं का." मग म्हणाले, "पत्रात या म्हनून लिवलं न्हवतं ना?" मी नाही म्हटलं. तसं लिहिलं नव्हतंच. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तुझ्या आईला त्यांनी दवाखान्यातलं काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तुझे मामा आंबवड्याहून आले. तुझी आई तेव्हा बावीस-तेवीसची असेल. दुसरं घर करून देतो, पोरीलाही सांभाळतील, असं म्हणत होते. माणूस चांगला होता, मी चौकशी केली होती. ती म्हणाली, "मला सोडून गेले असते तर आले असते तुमच्यासंगं. ते यायला निघाले व्हते. आक्कांनी वाचलंय." मामा माझ्याकडे बघायला लागले आणि मी मान डोलावली.

अडुसष्ट साली तू शाळेत जायला लागलीस. तुला शिकवायला काहीतरी हवं म्हणून मी भोरच्या बाजारात एक जुनं पुस्तक घेतलं, इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ. डेपोत वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसले होते. माझी राहिलेली यादी होती ती, म्हणून मी एल-च्या पुढं उघडलं. टी-खाली लिहिलं होतं, टच अँड गो, म्हणजे माणूस वाचतो की जातो अशी अवस्था. मग मी दुसरं शोधलं. रानातून बाहेर न पडणं, म्हणजे अजून जिवाचा धोका न टळणं. गाडी लागली, भरली, सुटली. कंडक्टरने हाक मारलेली मला ऐकू आली, पण उठता आलं नाही. बेळगाव एका दिवसाची वाट होती. पत्र आलं त्या दिवशी निघालो असतो तर त्यांना सात दिवस भेटलो असतो.

ते पुस्तक मी बाकावरच ठेवून आले. त्यानंतर मी कुणाचा इंग्रजी कागद हातात धरला नाही. ते बारीक अक्षर डोळ्यांना दिसत नाही असं सांगते. लोकांना खरं वाटतं.

एकच कागद मला चुकवता येत नाही. दर वर्षी चैत्रात, त्यांच्या तिथीला, जेवणं झाली की तुझी आई ट्रंकेतून ते पत्र काढते, माझ्यापुढं ठेवते आणि म्हणते, "वाचा आक्का." आणि मी वाचते. पहिली तीन वर्षं खरं समजून वाचलं. पुढची अकरा वर्षं सगळं ठाऊक असून, तेच शब्द, त्याच आवाजात. ती डोळे मिटून ऐकते. 'पाय लावून जाणार आहेत' इथं तिचे ओठ माझ्याबरोबर हलतात. मी कितीदा ठरवलं सांगायचं. एकदा लावणीच्या वेळी, चिखलात दोघीच होतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आक्का, तुमी व्हता म्हनून त्यांचं शेवटचं बोलनं मला कळलं. न्हाईतर मी काय, आडाणी." मी पुन्हा खाली वाकले आणि रोपं लावत राहिले. आम्ही एका चुलीवर जेवतो, एका भिंतीला पाठ लावून बसतो. तिच्यापासून लांब जायला मला या घरात कोपरा नाही, आणि खरं सांगितलं तर तिला नवरा दुसऱ्यांदा गमवावा लागेल, माझ्या हातून.

काल ती गवताचे भारे बांधताना म्हणाली, "आता मंदा विंग्रजी शिकली. तिथीपातुर न्हाई थांबायचं. दिवाळीला पोरीच्या तोंडनं ऐकू दे मला बापाचं पत्र. तुमच्या डोळ्यांस्नी तरी किती तरास." ती खूश होती. म्हणून हे लिहिते आहे. आज सकाळी याच पत्राचा एक कागद मी आधी लिहिला होता. त्यात तुझे पाय धरले होते, की मी वाचते तसंच वाच. तो चुलीत घातला. उद्या तुझं लग्न होईल, तू लांब जाशील, आणि दर चैत्रात तुलाही खोटं वाचायला इथं यावं लागेल, ते मला नको. तू जे लिहिलंय तेच वाच, अर्थही खरा सांग. माझी चूक होती हे तू बोलू नकोस, ते मी बोलेन. मी काम काढून परड्यात जाणार नाही, तुझ्या शेजारीच बसेन. फक्त वाचताना माझ्याकडे बघू नकोस. आईकडे बघ.

तुझीच,
थोरली आई
रतन