सीतेची ओटी छापून आली

श्री

वलगाव, कार्तिक शुद्ध ३, शके १७८६

चिरंजीव सूर्यभानास नत्थुदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. येथील सर्व क्षेम. तुझी खुशाली पंधरा दिवसांत कळली नाही म्हणून मायच्या जिवाला घोर आहे. शहरात राहून मोठा कारकून झालास तरी कागद महाग झाला नसावा.

बोंडं फुटली. काल मायनं वेचणीआधीची सीतादहीची पूजा केली. तिला आता नीट दिसत नाही, तरी दहीभाताची वाटी घेऊन स्वतः तासातून चालली आणि पहिल्या झाडांवर शितं उडवली. मग पहिला वेचा पदरात घेऊन, ही माही सीतेची ओटी, असं म्हणाली. बाया हसल्या. वेचणारणीच्या वाट्याला सारा गाव आठवा ढीग म्हणतो, एकटी मायच सीतेची ओटी म्हणते.

त्याच ढिगावरून गावात बेचैनी आहे. बाईनं दिवसभर वेचलेल्या कापसाचे आठ ढीग लावायचे, सात मालकाचे, आठवा तिचा, ही आपल्या वाडवडलांपासूनची रीत. आता अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचा भाव कुठल्या कुठं गेला, तसे महादेवराव पाटील म्हणतात की ढीग बंद, रोजाची मजुरी घ्या. गावात सर्वांत जास्त कपाशी त्यांची, त्यामुळे बाकीचे मान डोलावतात. साऱ्या वेचणारणी पार्बताबाईच्या शब्दात आहेत. तिनं महादेवरावांना तोंडावर विचारलं, की सात ढिगाचा भाव चढला त तुमची हुशारी, आन् एका ढिगाचा चढला त आमचा माज, असं काहून? बोंडाचे काटे त पहिल्यासारखेच टोचून राहिले.

आपल्याही शेतात सहा बाया वेचतात. पूजेला बसलो की जप एकीकडे राहतो आणि हेच डोक्यात फिरतं.

या आठवड्याचं मुंबईचं वर्तमानपत्र तुझ्याकडून आलं नाही. पारावर लोक ऐकायला येऊन परत गेले. तुझ्या वखारीच्या शेठजींचं वाचून झालं की पाठव. जीव जपून असावे, हे आशीर्वाद.

श्री

अकोला, कार्तिक शुद्ध ९, शके १७८६

तीर्थरूप दादांचे चरणी सूर्यभानाचा सा. न. वि. वि. पत्र पावले. वखारीत रुईच्या गाठींची इतकी गर्दी आहे की जेवायला बसलो तर घासातही तंतू येतात. म्हणून लिहिणं राहिलं. मायला सांगावं, मी सुखरूप आहे.

अंक शेठजींनी ठेवून घेतला. त्यात विशेष काही नव्हतंही. वर्तमानपत्रात दहा लोक दहा गोष्टी लिहितात, त्यातली प्रत्येक पारावर वाचलीच पाहिजे असं नाही.

ढिगाबद्दल माझं मत विचाराल तर, दादा, काळ बदलला. इथे तार खडखडली की मुंबईचा भाव घटकाभरात शेठजींना कळतो. आगगाडी बडनेऱ्याला पोचली की अमरावतीचंही हेच होईल. अशा दिवसांत पदरात कापूस बांधून घरी न्यायचा, हे किती दिवस चालणार? रोख मजुरी साऱ्या सुधारलेल्या मुलखांत आहे. तुम्ही महादेवरावांच्या विरोधात उभे राहू नये. तुम्ही विठ्ठलाचं नाव घ्यावं आणि मधे पडू नये, असं मला वाटतं. लहान तोंडी मोठा घास, रागवू नये.

वहिनींच्या हातच्या ठेच्याची रोज आठवण होते. लेकरावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

श्री

वलगाव, कार्तिक शुद्ध १५, शके १७८६

चिरंजीव सूर्यभानास आशीर्वाद. वि. वि. तू न पाठवलेला अंक गावात आला. महादेवरावांनी तो स्वतः आणला, पारावर माझ्या हाती दिला आणि नत्थुजी, हे मोठ्यानं वाचा, असं सांगितलं. वेचणारणी शेतातून आल्या होत्या, मायही बसली होती. मी आधी डोळ्यांखालून न घालता वाचायला लागलो. ही माझी खोड, छापलेलं आहे म्हणजे वाचण्याजोगंच असेल असं मी धरून चालतो.

त्यात अकोल्याहून गेलेलं एक पत्र होतं. वेचणाऱ्या बायका कशा माजल्या आहेत, दह्याभाताच्या नादात अर्धा दिवस कसा घालवतात, चांगला कापूस निवडून स्वतःच्या ढिगात कसा लोटतात, आणि त्या लुटीला भोळेपणानं 'सीतेची ओटी' कशा म्हणतात, असं सारं खुसखुशीत लिहिलं होतं. सरकारनं व सुज्ञ शेतकऱ्यांनी ही रानटी चाल मोडावी, असा शेवट. खाली नाव नाही, 'एक कृषिहितेच्छु' एवढंच.

'सीतेची ओटी' या दोन शब्दांवर माझी जीभ अडकली होती. माय म्हणाली, नत्थू, ते पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. ती काठी टेकत घरी गेली. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, की अकोल्याले असा कोण आहे, ज्यानं माह्या ओटीतला कापूस पाहिला?

बाबा गेले तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. तिनं दुसऱ्यांच्या शेतात वेचलेल्या आठव्या ढिगावर तू अमरावतीला पंतोजींकडे शिकलास. हे मी तुला ऐकवायला लिहीत नाही, लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितो.

महादेवरावांनी दुसऱ्याच दिवशी ढीग बंद केला. वर्तमानपत्रातच आलं आहे, असं म्हणून बाकीच्या शेतकऱ्यांतले खुशालराव आणि शेषरावही त्यांच्या मागे गेले. पार्बताबाईनं बाया घरी बसवल्या. कापूस झाडांवर लोंबतो आहे आणि आभाळ भरून येतं. मी आपल्या शेतात ढीग चालू ठेवला, म्हणून महादेवराव मला रामराम घालत नाहीत.

तुझी तार, तुझी आगगाडी, सारं खरं असेल. पण भाव शेठजींना घटकाभरात कळतो आणि पार्बताबाईला चार दिवसांनी गाडीवाल्याच्या तोंडून. शेठजींचं गाऱ्हाणं मुंबईला छापतात, तिचं कोण छापणार? तिला लिहिता येत नाही. मला येतं, पण मी आजवर नुसता दुसऱ्याचं वाचत आलो. हे मला आता टोचतं.

ते पत्र तू लिहिलंस का, एवढं कळव. देव तुला नीट बुद्धी देवो.

श्री

अकोला, कार्तिक वद्य ६, शके १७८६

तीर्थरूप दादांचे चरणी सा. न. वि. वि. होय, मीच लिहिलं.

शेठजींनी मजकूर सांगितला. बायांचा कापूस फेरीवाले घेतात, तो इथल्या वखारीत येत नाही, ही त्यांची खरी तक्रार. मला भाषा नीटनेटकी करायला सांगितली. मजकूर कोरडा वाटला म्हणून मायचा शब्द मी घातला, मुंबईकरांना हसू यावं म्हणून. शेठजी पोट धरून हसले आणि मला आपल्या लेखणीचा अभिमान वाटला. दादा, तेव्हा मला मायचं तोंड आठवलं नाही. आता दुसरं काही आठवत नाही. तुम्हाला मागे लिहिलेला उपदेशही घाबरून लिहिला होता.

मी दुसरं पत्र लिहून मुंबईला धाडलं आहे. पहिलं कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, कोणाच्या फायद्याचं होतं, आणि वेचणारणीनं चोरी केल्याचं मी जन्मात पाहिलं नाही, हे सारं त्यात आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे. त्याचीच एक प्रत आणि नवा अंक सोबत आहे. हे पारावर वाचलं गेलं तर महादेवराव शेठजींना कळवतील आणि माझी जागा जाईल. तरी वाचायचं की नाही हे तुम्ही ठरवावं. मी काहीच मागत नाही.

मायला नमस्कार सांगायचं धाडस होत नाही. आपल्या पायांशी थोडी जागा असू द्यावी.

श्री

वलगाव, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १७८६

चिरंजीव सूर्यभानास अनेक आशीर्वाद. वि. वि. अंक दोनदा चाळला. लढाईची बातमी आहे, मुंबईच्या नव्या कंपन्यांची वर्णनं आहेत, तुझं पत्र नाही.

दोन दिवस मी तुझी हाताची प्रत घरात ठेवली. तुझी जागा एकीकडे, बायांचा ढीग दुसरीकडे. मायला विचारलं तर म्हणाली, त्यानं नाव लिहिलं ना, मंग आता तू काहून लपवतं?

आता माझी चूक सांगतो. मी तुझा कागद अंकाच्या पानांत ठेवला आणि छापील असल्यासारखा पारावर वाचला. हाताचं म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, असं मनात आलं. मारुतीच्या समोर बसून मी हे केलं. महादेवराव उठले आणि अंक पाहू द्या म्हणाले. मी दिला. कागद निघाला. ते हसत म्हणाले, की हे तर घरचं अक्षर, असं तर मीही रोज दहा लिहीन.

माझी मान वर होईना. तेवढ्यात पार्बताबाई म्हणाली, की पाटील, छापलेल्याखाली नाव नव्हतं, याच्याखाली आहे. तुमी लिहा ना, पण नाव घाला. खुशालराव हसले, मग शेषराव हसले. महादेवराव अंक टाकून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी पावसाचे शिंतोडे पडले. खुशालरावांनी आणि शेषरावांनी बायांना आठव्या ढिगावर बोलावलं. काल महादेवरावांचाही निरोप आला, या साली ढीग, पुढच्या सालचं पुढच्या साली. पार्बताबाईला त्यात आनंद वाटला नाही, मलाही नाही. पण कापूस घरात येतो आहे.

मी पारावर सर्वांपुढं खोटेपणाची कबुली दिली. महादेवरावांचा माणूस अकोल्याला गेला आहे. काय होईल ते कळव. तुझ्यावर आमचा हात आहे.

श्री

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १७८६

तीर्थरूप दादांचे चरणी सा. न. वि. वि. शेठजींनी बोलावून विचारलं, की गावात वाचलेलं पत्र माझं नाही, दादांनी रचलं, असं लिहून देतोस का? दिलंस तर जागा राहील. मी नाही म्हणालो. जागा गेली. परवाच्या गाड्यांबरोबर निघतो आहे, मायला सांगावं.

माझ्या गादीवर नवा कारकून बसला आहे. बऱ्हाणपूरचा, भला माणूस, त्यानं मला पान दिलं. अक्षर माझ्याहून सुरेख आहे आणि वऱ्हाडातलं एकही गाव त्यानं पाहिलेलं नाही. मी हिशेब समजावून देत होतो तेव्हा शेठजी त्याला काही सांगत होते आणि तो भराभर लिहीत होता. पुढचा अंक आला तर, दादा, पारावर नेण्याआधी एकदा मनाशी वाचून घ्यावा.

आपला सूर्यभान