माझ्या यकृतातल्या दमलेल्या भट्ट्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात हल्ली पोट सगळ्यांच्या आधी जमिनीला टेकतं, ते गोड मानून घे.) भावोजींचा खोकला थांबला असेल आणि तुझी झोप पूर्ण होत असेल अशी आशा.

पत्रास कारण, मला फॅटी लिव्हर निघालं. तुझ्या डॉक्टर लेकीने मला समोर बसवून समजावलं की यकृताच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक भट्ट्या असतात, त्या चरबी जाळतात. आपण खातच सुटलो की त्या बिचाऱ्या आधी जोर लावतात, मग दमतात, धूर ओकतात. पेशींना इजा होते आणि न जळलेली चरबी तिथेच साठत जाते. मी म्हटलं, गोळी दे. औषधंही निघताहेत म्हणाली, पण "मामा, आधी वजन उतरव, चालायला लाग. दमलेल्या भट्ट्या सुधारतात, नव्याही तयार होतात."

आता माझा धंदा गाडी शिकवण्याचा, म्हणजे दिवसभर बसून दुसऱ्याचे पाय हलताना बघायचे. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येतात. क्लच सोडायची त्यांना अशी धास्ती, की गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. म्हणून रिकाम्या मैदानात मी खाली उतरलो आणि खिडकीशी चालत शिकवू लागलो. (हे नियमात बसत नाही, कुठे बोलू नकोस.) बरेच दिवस दोघांचंही झकास चाललं. मग एका सकाळी बाईंची भीती अचानक चेपली आणि गाडी सुटली. मी ब्रेक, ब्रेक ओरडत मागे धावलो. चप्पल एकीकडे, मी एकीकडे, समोर कुंपणाची भिंत. पण बाईंनी भिंतीच्या अलीकडे गाडी झोकात वळवली, थांबवली आणि खिडकीतून मान काढून शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बाजूला नसलात की जमतं मला."

त्या परीक्षा पास झाल्या. मी चालणं सोडलं नाही, आणि नव्या तपासणीत यकृतातली चरबी चांगलीच उतरलेली दिसली.

तुझा,
पँट सैल झाल्याने सुखावलेला भाऊ

ता. क. ताई, एवढं लांबण लावलं ते यासाठी, की तुझ्याही यकृताचं हेच निघालंय आणि तू ते हसण्यावारी नेतेस. लेक माझ्यासमोर रडली गं. रविवारी सकाळी तुला न्यायला येतो. बूट घालून तयार राहा.

ता. ता. क. हे पत्र भावोजींनी लिहायला लावलं, हे तुला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलंय. तेव्हा तुला ते माहीत नाही.