डब्याचा तळचा कप्पा

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार बसल्या जागेवरूनच केला आहे. उठून करण्याइतका राग अजून उतरलेला नाही.)

पत्रास कारण की, आपण भिंतीपलीकडच्या खोलीत असूनही काल संध्याकाळपासून आपल्यात बोलणं नाही. सकाळी तुमचा खोकला ऐकला, पाठोपाठ बादली आपटल्याचा आवाज ऐकला, त्यावरून तब्येत ठणठणीत असल्याचं समजलं. आमचीही बरी आहे, फक्त डोकं तापलेलं आहे. तुमच्या मुलीने सांगितलं की ती काही पोस्टमन नाही, जे काय असेल ते लिहा आणि दाराखालून सरकवा. (ती अर्थातच तुमच्या बाजूने आहे. लग्नाच्या दिवसापासून आहे.)

मामा, निवृत्त होताना पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या सगळ्या मोटरी तुम्ही माझ्या हवाली केल्यात. फेरी कशी मारायची तेही तुम्हीच शिकवलंत. मोटरीला कान द्यायचा, अंगावर हात ठेवून ताप बघायचा, जिथून ग्रीस भरतात ते तोंड फडक्याने पुसायचं, खालचं बूच उघडायचं, पंपाने बेताचं ग्रीस सोडायचं आणि जुनं बाहेर पडल्याशिवाय बूच लावायचं नाही. यातला 'बेताचं' हा शब्द तुमचाच. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं की आतल्या गोळ्या ते घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं, हेही तुम्हीच मला टेबल बडवून सांगितलं होतं. निरोपाच्या समारंभात तुम्ही घड्याळ नको म्हणालात आणि आठवण म्हणून आपला जुना ग्रीसचा पंप मागून घेतलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसणाऱ्यांत मीही होतो, आणि आता त्याचाही मला राग येतो आहे.

तुम्ही निवृत्त झाल्यावर कंपनीने पिवळं ग्रीस बंद करून निळं आणलं. (बोटावर घेऊन तुम्ही ते हुंगलं होतंत आणि तोंड वाकडं केलं होतंत, आठवत असेल.) एकेक करून मी कारखान्याच्या मोटरी धुतल्या आणि निळ्यावर आणल्या, कारण या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एकत्र आली की दोन्ही पातळ होऊन गळतात. सगळ्या मोटरी मुकाट्याने निळ्याला सरावल्या. फक्त वाळवणीच्या खोलीतली, मोठ्या पंख्याची, जिला तुम्ही लाडाने थोरली म्हणता, ती तापायला लागली. मी ग्रीस कमी केलं, तरी ती गरम. पार बंद केलं, तरी गरमच, आणि वर खालच्या बुचातून ग्रीस गळायला लागलं. उपाशी ठेवलेल्या माणसाचं पोट सुटावं, तसला हा प्रकार होता. बरं, जे गळत होतं ते निळं नव्हतं. हिरवं होतं. हिरवं ग्रीस आमच्याकडे कधी आलेलंच नाही.

मग मी काय काय केलं ते ऐका. ग्रीसवाल्याला बोलावून तू भेसळ करतोस म्हणून चारचौघांत झापलं. तो बिचारा पोराबाळांची शपथ घेत राहिला. दुसऱ्या पाळीच्या फिटरवर संशय घेतला. तो आता मला बघितलं की जिना बदलतो. वॉचमनला विचारलं की कोणी परका माणूस आत येतो का, तर तो म्हणाला, परकं कोणीच नाही. (खोटं बोलला नाही. तुम्हाला परकं कोण म्हणेल?) शेवटी गेल्या आठवड्यात थोरली अडकली. पंखा बंद पडला, ओले पुठ्ठे लोळागोळा होऊन एकमेकांना चिकटले आणि मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आता या मोटरीत गडबड निघाली तर तुमची बदली गोदामात. मामा, गोदामात. मोटरींचं काम सोडून मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आता कालचं. रोज दुपारी जावयाचा डबा घेऊन तुम्ही स्वतः कारखान्यात येता, रिकामा डबा परत नेता आणि घरी स्वतःच्या हाताने घासता. सासरा असावा तर असा, असं सारी आळी म्हणते. काल तुम्हाला खुर्चीतच डुलकी लागली म्हणून डबा मी घासायला घेतला. तळचा कप्पा उघडला. आत पिवळं ग्रीस.

जावई जाड होतोय, दोन कप्पे पुरेत, असं तुम्ही मुलीला सांगितलंत. तिने ऐकलं. कारखान्यात वरचे दोन कप्पे तुम्ही स्वतः काढून माझ्यापुढे ठेवायचात, तळचा तुमच्याच हातात राहायचा. डब्यात जेवण कमी का येतं म्हणून मी तिच्याशी भांडलो, ती माझ्याशी भांडली, आणि तुम्ही मधे पडून समेट केलात. (आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.) म्हणजे माझं पोट आवळून तुम्ही मोटरीचं पोट भरत होतात. मी आरडाओरडा केला, हे कबूल. शेजारी दारात आले, हेही कबूल. तुम्ही मात्र एकच वाक्य बोललात, "ती कोरडी वाजत होती," आणि दार लावून घेतलंत. ती कोरडी वाजत नव्हती, मामा. तुम्हाला घरी करमत नव्हतं. तसं म्हणाला असतात तर मी तुम्हाला हाताला धरून तिथे बसवलं असतं. लपून पंप का मारता?

आज थोरली उघडली, बेअरिंग धुतलं, बेताचं निळं भरलं. आता ती गार आहे, मी नाही. असो. कळावे, लोभ असण्याची सध्या घाई नाही.

आपला जावई

ता. क. उद्यापासून डब्याचे तिन्ही कप्पे भरून यावेत. ही विनंती नाही.

ता. क. दुसरा. हिरवं ग्रीस आलं कुठून, हे साहेबांनी आज विचारलंच. कोपऱ्यातला पिवळ्या ग्रीसचा जुना डबा चुकून मी वापरला, तेच निळ्यात मिसळलं, असं सांगितलं. तुमचं नाव घेतलं असतं तर वॉचमनची नोकरी गेली असती आणि तुम्हाला गेट कायमचं बंद झालं असतं. सोमवारपासून मी गोदामात. हे तुमच्या मुलीला अजून माहीत नाही, तेव्हा पत्र वाचून फाडावे. थोरलीकडे नवा माणूस येतो आहे. तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

ता. क. तिसरा. गोदामात माल उचलायच्या यारीची एक छोटी मोटर आहे. संध्याकाळी जाऊन बघून आलो. तुमच्या वेळची आहे, निळं तिला कोणी लावलेलंच नाही, आणि पिवळं कारखान्यात उरलेलं नाही. ती मात्र खरोखरच कोरडी वाजते. तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. तळच्या कप्प्यात जेवण नको. पंप तुम्ही धरा. पण पुरे कधी, ते मी सांगणार.