अनुमोदक म्हणून माझी सही

मंगळवार, पाली

आज ग्रामपंचायतीत नको त्या ठरावावर अनुमोदक म्हणून सही केली. गडाखाली येणाऱ्या रिसॉर्ट कंपनीला पाच वर्षं घरपट्टी माफ. माफी नाही दिली तर शेजारच्या गावात जाऊ म्हणाले.

पट्टी कमी असावी, हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकल्यापासून माझं मत आहे. गावागावांत चढाओढ लागून ती उतरली तर चांगलंच. पण सगळ्यांची उतरावी. एकट्यालाच माफी म्हणजे बाजार नव्हे, मेहेरबानी. बैठकीत हे मी का बोलले नाही?

बाहेर कमल भेटली. ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी करून घालते. वसुलीच्या वेळी मी सदस्य म्हणून तिच्याच दारात उभी असते.

“बाई, त्यांची पट्टी माफ झाली म्हनं. आमची बी व्हईल का?”

“नियमात बसत नाही,” मी म्हणाले.

“व्हय, आमच्या चुलीला कुठला आलाय नियम!” ती हसली.

ती सही डोळ्यांपुढून हलत नाही. करताना मी जरासुद्धा थांबले नव्हते.

खरं कारण लिहूनच टाकते. कंपनीने आमच्या सुनेला नोकरी देऊ केली आहे. बैठकीआधी दोनच दिवस.

उद्या सरपंचांना लेखी देणार: पट्टी उतरवायची तर सगळ्यांची सारखी उतरवा, नाहीतर माझं अनुमोदन मागे. नोकरी जाणार, हे उघड आहे. सून आतल्या खोलीत कामावर नेसायच्या साड्यांना इस्त्री करते आहे. आधी तिला सांगायला हवं. अर्धा तास झाला, मी इथेच लिहीत बसले आहे.